रंगीत मासा आणि निवळ पाणी

मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानासमोर क्षणभर थांबलात, तर काचेच्या पेट्यांमध्ये एक मासा हटकून दिसेल. बोटभर लांबीचा, हळदीसारखा पिवळाधमक, पाठीवरच्या परावर काळी पट्टी. दुकानदार त्याला ‘यलो सिक्लिड’ म्हणतो. हा मासा मूळचा आफ्रिकेतील मलावी सरोवराचा. त्याचे शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सीरुलिअस. यात मौज अशी, की ‘सीरुलिअस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निळा’! १९५६ साली जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने या जातीचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्याच्यासमोरचा नमुना निळसर पांढरा होता. पिवळा प्रकार त्याच सरोवराच्या किनाऱ्यावर दुसरीकडे राहतो. मासा एकाच जातीचा, पण एका ठिकाणी निळसर आणि दुसऱ्या ठिकाणी पिवळा!

मग माशाचा रंग ठरतो तरी कशावरून? तो कोणासाठी असतो? आणि ज्या पाण्यात तो मासा राहतो, त्या पाण्याचा या रंगाशी काही संबंध आहे काय? हे प्रश्न प्राणिशास्त्राचे वाटतात. पण त्यांच्या उत्तराचा बराच मोठा भाग भौतिकशास्त्रात आहे. म्हणूनच एरवी भिंगे आणि लोलक यांच्यात रमणाऱ्या माणसालाही माशांबद्दल चार शब्द लिहिण्याचा मोह होतो.

नाकपुडी मोजा, मासा ओळखा

सिक्लिड हे माशांचे एक प्रचंड मोठे कुल आहे. आतापर्यंत त्यातील दीड हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, पश्चिम आशियातील काही थोडी ठिकाणे आणि भारत व श्रीलंका, एवढ्या प्रदेशांत हे मासे निसर्गतः आढळतात.

सिक्लिड ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बहुतेक माशांच्या तोंडाच्या प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात. एकीतून पाणी आत जाते, दुसरीतून बाहेर पडते. सिक्लिडला मात्र प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी असते. मासळीबाजारात रोहू आणि चिलापी शेजारी शेजारी ठेवलेले दिसले, तर निरखून पाहा. चिलापी म्हणजे तिलापिया, हा सिक्लिडच आहे. त्याच्या अंगावरची बाजूची रेषाही सलग नसते, ती मध्येच तुटून थोडी खालून पुन्हा सुरू होते.

दुसरे वैशिष्ट्य बाहेरून दिसत नाही. सिक्लिडच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. तोंडातील जबड्याने अन्न पकडायचे आणि घशातील जबड्याने ते दळायचे, अशी कामाची वाटणी झालेली असते. त्यामुळे पुढचा जबडा निरनिराळ्या कामांसाठी मोकळा राहिला. कोणी दगडावरचे शेवाळ खरवडतो, कोणी शंखातील गोगलगाय फोडतो, तर कोणी दुसऱ्या माशाचे खवलेच ओरबाडून खातो. एकाच सरोवरात शेकडो जाती नांदू शकतात, त्याचे हे एक कारण मानले जाते.

आपले तीन सिक्लिड

आफ्रिकेतील सरोवरांत सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. भारतात मूळच्या किती? फक्त तीन.

पहिला गोव्यातील लोकांच्या रोजच्या ओळखीचा कालुंदर. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात. २०१० साली केरळ सरकारने त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. हिरवट करड्या अंगावर गडद उभे पट्टे आणि खवल्याखवल्यावर मोत्यासारखा ठिपका असे त्याचे रूप असते. तो सामान्यतः वीतभर लांब असतो, पण त्याहून बराच मोठाही होऊ शकतो. शेवाळ, पाणवनस्पती आणि तळाचा कुजका पालापाचोळा यांवर तो मुख्यतः जगतो. त्याचे शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस. नावात आपल्या शेजारचे सुरत शहर आहे. बर्लिनमधील डॉक्टर मार्कुस ब्लोख यांनी १७९० साली हे नाव दिले. ब्लोख यांनी या माशाचा समावेश समुद्रातील फुलपाखरी माशांत केला होता. त्याचा उंच, चपटा आकार पाहिला म्हणजे त्यांना तसे का वाटले असावे हे ध्यानात येते.

दुसरा मासा आकाराने लहान, पण रंगाने सर्वांत देखणा. मत्स्यशौकीन त्याला ‘ऑरेंज क्रोमाइड’ म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला केशरी क्रोमाइड म्हणू. मलयाळीत तो पल्लत्ती. जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीचा हा मासा पिवळा ते केशरी असतो. अंगावर तांबड्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात आणि दोन्ही कुशींवर मधोमध एकेक काळसर डाग असतो. स्यूडेट्रोप्लस मॅक्युलॅटस या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘ठिपकेवाला’. याचेही पहिले वर्णन ब्लोख यांचेच, १७९५ सालचे. दक्षिण भारताच्या किनारी प्रदेशात आणि श्रीलंकेत तो आढळतो.

तिसरा एट्रोप्लस कॅनारेन्सिस. नावाप्रमाणे तो कानरा प्रदेशातला, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या दक्षिण भागातील थोड्या नद्यांपुरताच मर्यादित आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७७ साली त्याचे वर्णन केले.

या तिघांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्कर बेटावर राहतात, ही गोष्टही विलक्षण आहे. एकेकाळी भारत आणि मादागास्कर एकाच भूखंडाचे भाग होते. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ते अलग झाले. या फाळणीत सिक्लिडचे पूर्वज दोन्हीकडे वाटले गेले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. काहींचे म्हणणे मात्र निराळे आहे. सापडलेले जीवाश्म इतके जुने नाहीत, तेव्हा सिक्लिडनी नंतर समुद्र ओलांडला असावा, असा त्यांचा तर्क आहे. खारे पाणी सोसण्याची या माशांची ताकद पाहता तो तर्कही उडवून लावण्यासारखा नाही.

गोडे पाणी, खारे पाणी

कालुंदर आणि केशरी क्रोमाइड यांचे घर म्हणजे नदी जेथे समुद्राला भेटते ती खाडी, तिच्या काठची खाजणे, तळी आणि नदीचा खालचा संथ भाग. गोव्यात मांडवी आणि झुवारी नद्यांच्या काठी शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी बांध घालून खाजणशेती उभी केली. बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दारांचे दार-बांधकाम असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब वाढतो आणि दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो आणि ती उघडतात. ना यंत्र, ना पहारेकरी, केवळ दाबातील फरकाचा उपयोग! या दारांच्या आत, भाताच्या खाचरांलगतच्या निवाऱ्याच्या पाण्यात कालुंदर वाढतो.

अशा ठिकाणी राहणे सोपे नाही. पावसाळ्यात डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने खाडी जवळजवळ गोडी होते. उन्हाळ्यात खारे पाणी आत दूरवर चढते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण या दोहोंच्या मध्ये, समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते.

याचा परिणाम काय होतो ते स्वयंपाकघरात पाहता येते. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. क्षार किंवा साखर कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे पाणी पातळ पडद्यातून झिरपते. याला तर्षण म्हणतात. गोड्या पाण्यातला मासा मनुकेसारखा असतो. कल्ल्यांच्या नाजूक त्वचेतून पाणी सतत आत शिरते, म्हणून त्याला भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकावे लागते आणि कल्ल्यांतून क्षार शोषून घ्यावे लागतात. खाऱ्या पाण्यातला मासा कैरीच्या फोडीसारखा असतो. त्याच्या शरीरातले पाणी बाहेर जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बहुतेक माशांना यांपैकी एकच व्यवहार जमतो. आपल्या क्रोमाइडना दोन्ही जमतात, एवढेच नव्हे तर एकातून दुसऱ्यात बदलही करता येतो.

रंग कोठून येतो?

माशाच्या त्वचेत रंगाच्या खास पेशी असतात. काहींमध्ये मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असते. काहींमध्ये पिवळी, केशरी, तांबडी द्रव्ये असतात. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइडे त्यांत प्रमुख आहेत. ती माशाला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. निकृष्ट खाद्यावर ठेवलेला पिवळा मासा काही महिन्यांत फिका पडतो तो यामुळेच.

तिसऱ्या प्रकारच्या पेशींत रंगद्रव्यच नसते. त्यांत ग्वानीन या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावरून परावर्तित होणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग उठून येतात व काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्यांचीच ही जात. माशांची चंदेरी आणि मोतिया झळाळी यातूनच निर्माण होते.

काळ्या पेशींतील रंगाचे कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका दिसतो. हा बदल काही सेकंदांत किंवा मिनिटांत होऊ शकतो. रागावलेला, घाबरलेला, अंडी राखणारा अशा एकाच माशाचे निरनिराळे ‘चेहरे’ असतात. तेव्हा रंग हा माशाचा पोशाख आहे असे म्हणण्यापेक्षा ती त्याची भाषा आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पाण्याची चाळणी

पण भाषा कळायची तर ती ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. माशाच्या रंगाला पाण्यातून जावे लागते आणि पाणी सर्व रंगांना सारखी वाट देत नाही.

शुद्ध पाण्याचा एक मीटर थर घ्या. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद तांबड्या प्रकाशातील जवळजवळ निम्मा भाग तेवढ्यातच शोषला जातो. ५८० नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाचा सुमारे ९ टक्के भाग जातो, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा जेमतेम एकदोन टक्के. आता गणित करून पाहा. दर मीटरला निम्मा तांबडा प्रकाश उरतो असे धरले, तर पाच मीटर खोलीवर १/२ × १/२ × १/२ × १/२ × १/२, म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरेल. पिवळा मात्र तेथेही साठ टक्क्यांहून अधिक शिल्लक असेल. वर लालभडक दिसणारा मासा खाली गेला की काळपट दिसतो. पिवळा मासा बराच खोलवर पिवळाच राहतो. मलावीसारख्या स्वच्छ सरोवरात दहा-वीस मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. तेथे निळे आणि पिवळे मासे इतके उठून का दिसतात, याचा थोडा उलगडा यातून होतो.

पाणी गढूळ असेल तर चित्र उलटे होते. कुजणाऱ्या पानांतून उतरलेला चहासारखा रंग निळा प्रकाश खाऊन टाकतो. मातीचे आणि शेवाळाचे कण प्रकाश इकडेतिकडे उधळतात. खाली पोहोचतो तो मंद, पिवळट तांबूस उजेड. अशा पाण्यात निळा रंग काळा पडतो, आणि गढूळपणा आणखी वाढला की सर्वच रंग एका मळकट छटेत बुडून जातात.

आईबापांची खूण

केशरी क्रोमाइडचे कुटुंबजीवन पाहिले, म्हणजे या गोष्टीचे महत्त्व पटते. नर आणि मादी जोडीने राहतात. दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर मादी सुमारे दोनशे अंडी चिकटवते. दोघे मिळून त्यांच्यावर परांनी वारा घालावा तसे पाणी घालतात, मेलेली अंडी वेचून काढतात आणि शत्रूला पिटाळतात. चार-पाच दिवसांनी अंडी फुटतात. मग पिल्लांना तळातील खड्ड्यात ठेवले जाते. ती पोहू लागली की त्यांचा थवा आईबापांभोवती घोटाळत राहतो.

या काळात आईबापांच्या पोटाखालचे दोन पर काळेभोर होतात. धोका दिसला की ते हे पर झपाट्याने उघडतात व मिटतात. त्याबरोबर विखुरलेली पिल्ले धावत त्यांच्याजवळ येतात. या फडफडण्याचा अर्थ पिल्लांना कसा कळतो, याचा अभ्यास जे. कोल व जॅक वॉर्ड यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. येथे भौतिकशास्त्राच्या नजरेतून एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाण्याने एखादा रंग गाळून टाकला तरी पिवळ्या अंगावरचा काळा पर काळाच राहतो. कारण काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि अभावाला कोण गाळणार! त्यात तो हलतो. कमीजास्त उजेडात दिसावी अशी खूण शोधायला सांगितली, तर एखाद्या इंजिनिअरलाही याहून चांगली सुचणार नाही. पण तीही दिसायला पाणी काही प्रमाणात निवळ असावेच लागते.

ही पिल्ले आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत थरावर तोंड मारून तो खातात. वॉर्ड व जॉर्ज बार्लो यांनी १९६७ साली या वर्तनाचे वर्णन केले. गाईचे दूध जसे वासराला, तसा हा थर या पिल्लांना उपयोगी पडतो. अर्थात दूध वेगळे आणि हा थर वेगळा, हे ध्यानात ठेवावे.

केशरी क्रोमाइड आणि कालुंदर यांचे शेजारपणही मजेदार आहे. लहान केशरी मासे मोठ्या कालुंदरच्या अंगावरील बुरशीसारखी वाढ आणि परजीवी टिपून त्याची सफाई करतात. रिचर्ड वायमन व वॉर्ड यांनी १९७२ साली हे नोंदवले. मात्र संधी मिळाली की हेच सफाईवाले कालुंदरची अंडी आणि पिल्लेही मटकावतात. निसर्गातल्या मैत्रीला अशा अटी असतात.

श्रीलंकेतील खाड्यांत या दोन्ही माशांची वीण पाहिली गेली तेव्हा असे दिसले, की ऐन पावसाळ्याचा, पाणी गढूळ असण्याचा काळ ते टाळतात. पाणी निवळलेले असते तेव्हाच वीण जोरात होते. आईबापांना पिल्ले दिसली पाहिजेत आणि पिल्लांना आईबाप. एवढ्या साध्या गोष्टीवर एक पिढी तगते.

व्हिक्टोरिया सरोवराचा धडा

पाणी वर्षभर गढूळ राहिले तर? याचे उत्तर आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराने दिले आहे. सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचे हे विस्तीर्ण सरोवर सर्वांत खोल जागीही ८० मीटरच्या आसपासच खोल आहे. त्यात सिक्लिडच्या सुमारे ५०० जाती होत्या.

त्यांपैकी दोन जातींची गोष्ट पाहू. पुंडामिलिया पुंडामिलिया या जातीचा नर निळसर असतो. पुंडामिलिया न्येरेरेइ या जातीचा नर तांबडा-पिवळा असतो. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून हे नाव पडले. ‘पुंडा मिलिया’ म्हणजे स्वाहिली भाषेत झेब्रा. दोन्ही जातींच्या माद्या मळकट रंगाच्या आणि जवळजवळ सारख्याच दिसतात. त्या नर निवडतात त्या त्याच्या रंगावरून.

ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक साधा पण नामी प्रयोग केला. पांढऱ्या उजेडात माद्या आपापल्या जातीचाच नर निवडीत. मग त्यांनी फक्त नारिंगी प्रकाश ठेवला. त्या उजेडात निळ्या-तांबड्याचा फरक पुसला गेला आणि माद्या दोन्ही जातींच्या नरांकडे सारख्याच वळू लागल्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा लावतात, तेव्हा ५८९ नॅनोमीटरच्या त्या एकरंगी उजेडात निळी आणि तांबडी वही जवळजवळ सारखीच काळपट दिसते. मुलांना त्याची गंमत वाटते. माशांच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट दोन जातींमधली भिंत पाडणारी ठरते.

कारण सरोवरातही नेमके हेच घडत होते. किनाऱ्यावरची जंगले तोडली गेली, शेतांतील माती आणि खते वाहून आली, सांडपाणी वाढले, शेवाळ माजले आणि पाणी गढूळ झाले. १९९७ साली या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की स्वच्छ पाण्याच्या बेटांभोवती निळे व तांबडे मासे वेगवेगळ्या जाती म्हणून राहतात. गढूळ पाण्यात मात्र त्यांचा संकर होतो, रंग फिके होतात आणि एकूण जातीही कमी आढळतात. कोणी विष घातले नाही, जाळे टाकले नाही. उजेड बदलला, तेवढ्याने जाती मिसळून गेल्या.

त्यात भर पडली ती नाइल पर्च या मोठ्या शिकारी माशाची. १९५० च्या दशकात त्याला या सरोवरात सोडण्यात आले आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली. गढूळ पाणी आणि हा परका मासा यांनी मिळून सुमारे २०० सिक्लिड जाती नाहीशा केल्या, असा अंदाज आहे.

आपल्या दाराशी

हे सारे दूर आफ्रिकेत घडले असे म्हणून सुटका होत नाही. कांदिवलीचेच पाहा. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांत उगम पावते, कांदिवलीच्या वस्तीतून वाहते आणि पश्चिमेला खाडीला मिळते. डोंगरात पावसाळा ओसरल्यावर ओढ्याचा तळ दिसतो. रेल्वे ओलांडेपर्यंत त्याच पाण्याचा नाला झालेला असतो आणि वीतभर खोलीवरचेही काही दिसत नाही. चारकोपच्या पलीकडे तिवरांच्या मुळांशी ते पोहोचते तेव्हा भरतीचे खारे पाणी त्यात मिसळते. गोडे-खारे पाणी, तिवरांची मुळे, संथ तळ, म्हणजे ज्या प्रकारच्या जागी कालुंदरसारखा मासा सुखाने राहावा तशीच ही जागा. उणीव आहे ती निवळ पाण्याची.

मग अशा पाण्यात कोणता मासा तगतो? चिलापी. हा मूळचा आग्नेय आफ्रिकेचा सिक्लिड १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगला होता, स्वस्त मासळी मिळावी हा. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती शत्रूपासून आणि गाळापासूनही बचावतात. कमी प्राणवायू, खारेपणा, घाण, हे सर्व तो सोसतो. आज उजनीच्या जलाशयापासून पवईच्या तलावापर्यंत तो पसरला आहे. अनेक कोळी कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटते हे खरे. पण जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, हेही तितकेच खरे. तो जेथे माजतो तेथे मूळच्या माशांना अन्न आणि विणीच्या जागा कमी पडतात.

म्हणून मत्स्यालय बाळगणाऱ्या विद्यार्थिमित्रांना एक आग्रहाची सूचना. पेटीतला मासा मोठा झाला, भांडखोर निघाला किंवा परीक्षेमुळे सांभाळणे जमेना, तरी तो तलावात, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. त्यात दया वाटते, पण ती तेथल्या माशांना महाग पडते. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या.

करून पाहा

१. काचेच्या उंच पेल्यात पाणी घ्या, दोन थेंब दूध घालून ढवळा. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च लावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल, टॉर्चच्या समोरून पाहिले तर दिवा पिवळट तांबूस दिसेल. दुधाचे कण निळा प्रकाश अधिक उधळतात, त्यामुळे सरळ येणाऱ्या प्रकाशात तो कमी पडतो.

२. लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगांची पाच बटणे पांढऱ्या ताटलीत ठेवा. प्रथम साध्या पाण्याच्या, मग कोऱ्या चहाच्या, मग माती कालवलेल्या पाण्याच्या पेल्यातून त्यांच्याकडे पाहा. कोणते बटण आधी ओळखेनासे होते ते लिहून ठेवा.

३. पाण्याचा निवळपणा मोजण्याची एक पद्धत आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रावर वापरली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. डब्याचे झाकण पांढरे रंगवून, मधोमध भोक पाडून, खाली वजन आणि वर खुणांची दोरी बांधून अशी तबकडी शाळेत सहज करता येते. विहीर, तलाव किंवा जेटीवर शिक्षकांच्या सोबतीनेच ती वापरावी. नाल्यात आणि पुराच्या पाण्यात मुळीच उतरू नये.

या तिसऱ्या प्रयोगाची नोंद शाळेने दर महिन्याच्या ठराविक दिवशी, ठराविक वेळी ठेवली, तर वर्षअखेर बारा आकडे हाती येतील. आलेखाच्या कागदावर ते मांडा. पावसाळ्यात रेषा कोठे गेली, नंतर ती पुन्हा वर आली की नाही, हे लगेच कळेल. पाणी पावसाळ्यानंतर निवळत असेल, तर तेथे माशांच्या आईबापांना आपली पिल्ले दिसत असतील. वर्षभर रेषा तळाशीच राहिली, तर ती माती आणि ते सांडपाणी येते कोठून, हा पुढचा प्रश्न विचारायचा. तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण त्याच्या उत्तराची सुरुवात तुमच्या त्या आलेखापासून करता येईल.